रिकाम्या बॅगेचं वजन

बुधवार, दिवेलागण

अजून राग जात नाय. लेकीच्या बाळंतपणाला विमानानं बेंगळुरूला एकटी चाललेय, तर बॅग घ्यायलाही धाकटे दीर सोबत. मोठी घ्या म्हणाले, चार चाकांची. विमानात पंधराच किलो चालतं.

"रिकामी फक्त तीन किलो, मावशी," दुकानदार म्हणाला.

मी एका हातानं उचलली. "साडेचारच्या खाली नाय."

दीर हसले. "वहिनी, तुम्हाला काय कळतं बॅगांतलं?"

दुकानदारानं काट्यावर ठेवली. चार किलो सातशे. गंगापूरला वीस वर्षं कापूस वेचलाय मी. वजन काट्याआधी हाताला कळतं.

दोन चाकांची, हलकी, स्वस्तातली घेतली. वाचलेल्या दोन किलोत डिंकाचे लाडू नेईन.

"पण विमानतळावर उचलंल कोण?" दिरांनी वाटेत विचारलं.

जिनं दुकानात उचलली, तीच.