सौम्य आम्ल

सोमवार, ५ जून
एकदाचं गंगेत घोडं न्हालं! सेंद्रिय रसायनाची शिक्षिका झाले. प्रयोगशाळेत भरपूर उजेड, आणि पाळणाघर फाटकालाच लागून. चिमी, माझी लेक, अजून वर्षाचीही नाही. ती हाकेच्या अंतरावर आहे म्हणून जीव भांड्यात पडला. विभागप्रमुख बाई हसतमुख आहेत. उकळता चहा घटाघट पितात.

मंगळवार
पहिलं प्रात्यक्षिक, आम्लं आणि आम्लारी. मुलांना सांगितलं, प्रोटॉन चटकन सोडतं ते तीव्र, हात आखडता घेतं ते सौम्य. फिनॉल तर अगदी गरीब गाय, खायचा सोडा टाकला तरी फसफसत नाही. बाटलीत ते गोठलं होतं. इथली रीत अशी की बाटली गरम पाण्यात धरून वितळवायची, तीही उघड्या हातांनी. हातमोज्यांतून काच निसटते म्हणे. मी जरा घुटमळले, तर बाई म्हणाल्या, "अहो, सौम्य आम्ल ते. खातंय का तुम्हाला?" नव्या नोकरीत हात दाखवून अवलक्षण कशाला? धरली बाटली. बुचाशी जरा पाझरत होती.

गुरुवार
तर्जनीचं टोक पांढरं पडलंय. दुखत नाही. टाचणी टोचली, काहीच नाही. बाईंनी बाह्या वर केल्या, त्यांचे हात कोपरापर्यंत तसेच. सवय होते म्हणाल्या, पुढे बरंच वाटतं.

सोमवार
तळवा गेला. धुऊन धुऊन कंटाळले. नवरा घाबरला, नोकरी सोड म्हणाला. मी बरं म्हटलं, आणि सकाळी डबा भरून निघाले. खरं तर मलाही भीती वाटायला हवी. वाटत नाही.

बुधवार
चिमीला उचलते, पण वजन कळत नाही. हातात आहे ना, खाली बघावं लागतं —

शुक्रवार
पाळणाघरातल्या ताई कौतुक करत होत्या, किती गुणी लेक, हल्ली पडली तरी रडत नाही.
घरी झबलं काढलं. काखेखाली पांढरे पट्टे. माझ्याच बोटांचे —

शनिवार
तिला टबात बसवलंय. एका हाताने धुतेय, एका हाताने हे लिहितेय. नवरा बाहेर गेलाय. आई आहे मी, जीव तुटायला हवा. तुटत नाही. नुसतं धुतेय.
चिमे, रड गं. एकदा तरी —
हसतेय.
अंग लाल होतंय तिचं. रक्त फिरायला लागलं असेल. बरं झालं.
आरसा दिसेनासा झालाय. वाफ धरलीय. म्हणजे पाणी —