शिळे आभार चालत नाहीत

आत्याबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोवरचा चंदनाचा हारसुद्धा म्हातारा झाला. सासूला आत्याबाई म्हणायची आपली रीत तुमच्याबरोबरच गेली. मला लिहिता येत नाही. तुम्हालाही येत नव्हतं, म्हणून तर आपलं जमलं. मी बोलते आहे आणि नातसून फोनवर टिपून घेते आहे. ती पुण्याची. आपली तंजावरी मराठी ऐकून आधी तिला वाटलं होतं, मी तिची चेष्टा करते. आता ती माझं बोलणं सरळ करून लिहिते, तेव्हा या पत्रात मी शहाणी वाटले तर ते तिचं काम समजा.

सकाळची कॉफी पिता पिता जॉर्ज टाउनमधलं आपलं जुनं घर आठवलं. खाली मिरच्यांचं गोदाम, वर आपल्या दोन खोल्या. देवासमोर बसलं की आधी शिंक यायची, मग भक्ती. दिवेलागणीला समई लावायची आणि पानं मांडण्याआधी घरातल्या प्रत्येकानं त्या दिवसाबद्दल देवाचे आभार मानायचे, मोठ्यानं, सगळ्यांदेखत. मागायचं काही नाही. "मागणाऱ्यांची देवापुढे ही रांग," तुम्ही म्हणायचात, "आभार मानायला जा, तिथं कुणी नसतं. लगेच नंबर लागतो." आणि कालचं आज चालायचं नाही. मी नवी सून, तोंडात जीभ नसल्यासारखी. एक दिवस म्हणायची, "देवा, सगळे सुखरूप आहेत," दुसऱ्या दिवशी, "देवा, सगळ्यांची तब्येत बरी आहे." तुम्ही वात पुढे सारत म्हणता, "हे शिळं झालं. देवाला शिळा भात ठेवशील का?" मी रडवेली होते. पाहुणी राहावी तशी मी त्या घरात राहत होते, आणि ते तुम्हाला दिसत होतं.

मग तुम्ही एकदा कुणाच्या बारशाला गेलात त्या थेट दिवेलागणीला आलात. दिवसभर घर माझं. दार लावलं, केस मोकळे सोडले, पाय पसरून मीठ-तिखट लावलेली कैरी खाल्ली आणि भर दुपारी झोपले. संध्याकाळी माझी पाळी आली आणि तोंडातून निघून गेलं, "देवा, आज आत्याबाई घरात नव्हत्या, त्याबद्दल आभार." मामंजींना ठसका लागला. आमचे हे समईकडे असे बघायला लागले जणू ती पहिल्यांदाच बघतायत. मी मनात म्हटलं, आता माहेरी, तंजावरची गाडी. तुम्ही मात्र डोळे न उघडता म्हणालात, "आज हिचं ताजं आहे." मग तुमची पाळी. "देवा, शेवटी एकदाची सून घरात आली." त्या रात्री माझ्या भातावर तूप जास्त पडलं.

दुसऱ्या दिवसापासून जेवणं झाली की तुम्ही पिशवी उचलायचात. "देवळात जाऊन येते." उन्हं उतरेपर्यंत घर माझं.

"आज्जी," नातसून टिपता टिपता थांबली. "दुपारी देऊळ बंद असतं ना?"

बघा. हिला लागली एक कॉफी, मला लागलं तुमचं तेरावं. मी तंजावरची, दुपारी देऊळ बंद असतं हे का मला माहीत नव्हतं? पण फुकट मिळालेल्या दुपारची चौकशी कोण करतं. तुमच्या तेराव्याला कोपऱ्यावरची फुलवाली आली आणि डोळे पुसत म्हणाली, "अम्मा रोज दुपारी माझ्याजवळच बसायच्या." तेव्हा उमगलं. माझ्यासाठी ही बाई उन्हात बसत होती. तेव्हापासून रोज देवाचे आभार मानून झाले की थोडे तुमचेही मानत आले, मनातल्या मनात.

आता हिचं ऐका. ही घरात बसून ऑफिसचं काम करते. लग्नानंतर रोज समईसमोर एकच वाक्य, "आजचा दिवस चांगला गेला, थँक यू देवा." गोड आणि शिळं. मला धास्ती वाटायला लागली. नातू लांब गिंडीच्या कारखान्यातून येतो तेव्हा जेवणंसुद्धा झालेली असतात, माझ्या मुलाचं लक्ष फोनमध्ये. ही पाहुणीच राहिली तर माझ्यामागे समई लागेल, पण तिच्यापुढे खरं कोण बोलेल? टोचून पाहिलं, गोडीनं सांगून पाहिलं. मग मागच्या महिन्यात एका संध्याकाळी ती डोळे घट्ट मिटून म्हणते, "देवा, आज केबल बंद पडली, आज्जींची सिरियल लागली नाही आणि मला माझी मीटिंग ऐकू आली. त्याबद्दल आभार." मुलानं जीभ चावली. मी इतकी हसले की समई हलली. माझी पाळी आली तर दुसरं काही सुचेना, तुमचंच ते सून घरात आल्याचं वाक्य म्हटलं. शिळं होतं, पण देवानं चालवून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून पिशवी मी उचलली.

"मग तुम्ही कुठे जाता?" ती विचारते आहे. आणि बोट फोनवर तयार.

लिही बाई. मेट्रोच्या खांबाखाली सावलीत एक फुलवाली बसते. मला स्टूल देते. मोगरा गुंफता गुंफता गल्लीतली एकेक बातमी सांगते, कोणाची सून माहेरी गेली, कोणाचा जावई परत आला. मग कोणीतरी चहा आणतं. आत्याबाई, इतकी मजा मला सिरियलमध्ये कधी आली नाही. आणि काल तिथं बसल्या बसल्या माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुम्ही उन्हात तापत होतात म्हणे. माझ्यासाठी म्हणे.

हे पत्र कुठं पाठवायचं, नातसून विचारते. म्हटलं, राहू दे फोनमध्येच, त्यांना तरी कुठं वाचता येतं. फक्त एवढं शेवटी लिही, की इतकी वर्षं तुमचे जे आभार मानले त्यातले निम्मे मी परत घेते आहे. आज दिवेलागणीला देवासमोर हेच सांगणार. ताजं आहे.