प्रोफेसरची रिकामी खुर्ची

बीबी, ता. ५ फेब्रुवारी २०२५

चि. प्रसेनजितले धम्मशीलाअक्काचा सप्रेम जयभीम अन् आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू लय गोड खोटं बोलतं, म्हून कागद धाडून राह्यली. दिवाळीत तू म्हनला, प्रोफेसरच्या जागेची मुलाखत मस्त झाली. आपल्याकडं मुलाखत मस्त झाली म्हंजे नोकरी लागली! म्या शेजारच्या सिंधूताईपासून साऱ्या गल्लीत जिलेबी वाटली. आता बाया इचारतात, भाऊ मोठा प्रोफेसर झाला का? तू ना हो म्हनत, ना नाही. इलेक्ट्रॉन एका जागी सापडत नाही असं तूच म्हनतं ना, तसंच तुहं उत्तर! का खुर्ची भेटली अन् अक्काले इसरला? तुहे भाऊजी वारल्यापासून शक घ्याले घरात कोनी उरलं नाही, म्हून तुह्यावर घेतो. खरं लिहिशीन तं लोभ हायच.

तुही अक्का

पुणे, ता. १४ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास सप्रेम जयभीम. वि. वि.

इसरलो नाही. खुर्ची कोणालेच भेटली नाही. ती जागा आपल्या लोकांसाठी राखीव. मुलाखतीले आम्ही चौघं होतो, तरी 'योग्य उमेदवार आढळला नाही' असं लिहून रिकामी ठेवली. दुसऱ्यांदा. क्वांटम केमिस्ट्रीत वीस वर्षं गेली माझी, पण रेणूचं गणित कसं मांडतो हे एकानंही नाही विचारलं. गाव कोणतं, शाळा कोणती, इंग्रजी कुठं शिकले, एवढंच. तुझी जिलेबी वाटून झाली होती, मग सांगायची हिंमत नाही झाली.

जाहिरात परत निघाली आहे. मी अर्ज करणार नाही. याच विभागात, आहे त्याच सहयोगी प्राध्यापकाच्या पदावर रिटायर होईन. रागावू नको, माया असू दे.

तुझा प्रसेनजित

बीबी, ता. २२ फेब्रुवारी २०२५

चि. प्रसेनजितले जयभीम. आशीर्वाद यावेळी राखून ठेवले. वि. वि.

मले एक सांग, त्या खुर्चीचे तास कोन घेते? तूच ना? मंग पोरायले शिकवाले योग्य अन् बसाले अयोग्य, हे कोनतं गणित? माहा शक आता तुह्यावरून उठला, त्यायच्यावर बसला. जागा रिकामी ठेवून ते योग्य मानसाची वाट नाही पाहून राह्यले. तू कव्हा थकतं, याची पाहून राह्यले. अन् तू तं थकला बे!

अर्ज भर. मांगच्या वेळी काऊन नाही घेतलं, ते लेखी माग. मुलाखतीले मी संग येईन, बाहीरच्या बाकावर बसीन. गाव कोनतं इचारलं तं दाराकडं बोट दाखव, म्हन, गाव बाहीर बसलं हाय.

अर्ज धाडल्याबिगर माह्या लोभाची आशा ठेवू नको.

तुही अक्का
धम्मशीला