टाचेनं मागे दिलेला चेंडू

दक्षिण इंग्लंडमधली लष्करी छावणी, मार्च १९४३

प्रिय बाबा,

हातपाय धड आहेत, एवढंच आईला सांगा. दात पडल्याचं नको. तिचा खोकला कसा आहे?

काल साहेब लोकांचं, त्यांच्या नियमांचं रग्बी खेळलो. मला पाडलं, तसा सवयीनं उठून मी चेंडू टाचेनं मागे सरकवला, आपल्या उत्तरेतल्या क्लबात सरकवतात तसा. त्यांच्यात हे चालत नाही. कॅप्टन हसला, "हे गिरणीमजुरांचे चाळे कुणी शिकवले?"

"आजोबांनी, सर. खेळापायी बुडालेली मजुरी मागितली म्हणून तुमच्या लोकांनी हाकललं, तेव्हा त्यांनी स्वतःचा क्लब काढला, खेळाचे नियमही स्वतःचे केले."

तीन दिवस संडास घासायची शिक्षा झाली. घासतोय, पण माफी मागितली नाही.

तो चेंडू मागून अचूक कुणी उचलला, सांगू? आपल्या हाडवैरी हॅल्डन क्लबाच्या विल्फनं! आता तोही शेजारीच घासतोय. कारण माझ्यामागून तो म्हणाला, "माझ्याही आजोबांनी, सर."

तुमचाच हट्टी,
हेडली