रिकाम्या उशीवरचे कुंकू

ज्या उशीवर कोणी डोके टेकत नाही, तिच्या खोळीवर दर धुण्याला कुंकवाचा डाग कुठून येतो? याचे उत्तर मला देता येत नाही. बी.एस्सी. असून हे लिहायला लाज वाटते. खोटे लिहायला जास्त वाटेल.

मी, सुभद्रा चिंधूजी हिवरकर, वय चोवीस, विज्ञान शिक्षिका, राहणार हिंगणघाट, जिल्हा वर्धा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र करते. मला आजार नाही. उद्या भैयाजींशी माझे नोंदणी पद्धतीने लग्न आहे आणि मी त्या घरी राहायला जाणार आहे, म्हणून आजच लिहून ठेवते.

एक. वेणा नदीच्या घाटाजवळचे घर बाबांचे आहे. आम्ही वरठी; पिढ्यान् पिढ्या गावाचे कपडे धुतो. कपडे उकळायच्या भट्टीची खोली मात्र मी पगारातून बांधली. ती आई तानाबाई हिला द्यावी. पोस्टातली शिल्लक आमच्या मोहल्ल्यातल्या शिकणाऱ्या मुलींसाठी.

दोन. लहानूकाका म्हणत, "भट्टीवरच यायचं होतं तं कॉलेजात काऊन गेलती वं?" त्यांना माझे धोपाटणे द्यावे. त्यांनी आजवर एकदाही उचलले नाही. हाताला नवे वाटेल.

तीन. डागांची माहिती माझ्या वर्गातल्या मुलींना. काजळाला आधी तेल चोळावे, मग साबण. भिंतीवर तेलकट हात उमटला तर खडूची पूड दाबून ठेवावी. कुंकवाला आधी साबण लावू नये. हळद-चुन्याचे असल्याने ते आणखी लाल होते. लिंबू पिळून उन्हात टाकावे. खाली मेण असेल तर टीपकागद ठेवून वरून गरम इस्त्री फिरवावी.

चार. भैयाजींची पहिली पत्नी कांता बाळंतपणात गेली. सवाष्ण गेली की दुसऱ्या सवाष्णीने तिचे कपाळ भरायचे असते. पण बाळंतपणात गेलेलीला शिवायला कोणी धजली नाही. कांताची सासू जिजाबाई विधवा. त्या मला म्हणाल्या, "मी डबी घेऊन उभी होतो, बाई. मले कोनी हात लावू देल्ला नाई. उघड्या कपायानं गेली माही पोरगी."

तेव्हापासून त्या घरच्या धुण्यात ही खोळ येते. मधोमध कुंकू, खाली मेणाचा थर. कांता मेणावरच कुंकू लावायची. आता त्या घरात मेण नाही, कुंकूही नाही. भैयाजींना विचारले, तर खाली बघत म्हणाले, "मी तिच्या उशीले हात लावत नाई. सकायी मधात दबलेली राह्यते."

बाबा खोळ धुतात. उन्हात ती पांढरीशुभ्र होते. पण पहिला डाग टिकलीएवढा होता, आता तळहाताएवढा आहे. जितका साफ काढावा, तितका मोठा येतो.

मागच्या आठवड्यात तो माझ्या उशीवर आला. मी कपाळाला काही लावत नाही. शिवाय डाग माझ्या डोक्याच्या जागी नव्हता. कडेला होता, कोणी माझ्याशेजारी टेकल्यासारखा.

आई रडली. "हे लगन मोड, माय. कांता तुले न्याले पाहून राह्यली."

तसे असेलही. पण मला वाटते, तिला मी नको आहे. तिची जागा हवी आहे, आणि आम्ही दर आठवड्याला लिंबू पिळून तिला त्या जागेवरून उठवतो.

पाच. माझ्यानंतर त्या घरात जी येईल, तिने ती खोळ धुवू नये. मी बाळंतपणात गेले तर मला शिवायला कोणी भिऊ नये. जिजाबाईंनी मला आंघोळ घालावी. त्या विधवा आहेत म्हणून कोणी अडवल्यास हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे.

सहा. या वेळची खोळ मी बाबांच्या हाती दिली नाही. आज दुपारी डागासकट घडी करून भैयाजींच्या घरी नेली. बाजारातून कुंकवाची डबी घेतली होती, ती जिजाबाईंच्या हाती दिली. त्यांनी कुंकवात बोट बुडवून ते डागावर टेकले. मग भिंतीकडे कांताची उशी, न धुतलेल्या खोळीसह, तिच्याशेजारी माझी आणि पलीकडे भैयाजींची, अशा तीन उश्या मी स्वतः मांडून आले.

सही: सुभद्रा चिंधूजी हिवरकर
साक्षीदार: किसनराव वाघमारे, शिक्षक (सही)
साक्षीदार: सीताबाई नारनवरे, सुईण (डाव्या अंगठ्याचा ठसा)
हिंगणघाट, दि. २३ एप्रिल १९५७