पाळकांच्या अभ्यासाला उरलेला एकटा

प्रिय आईस, तुझ्या धाकट्याचा मनापासून सलाम.

मी मजेत आहे. लाँड्रीत चादरींना इस्त्री करतो. हात जरा भाजला होता, आता बरा आहे, उगाच काळजी करत बसू नकोस. बाबांना नवा चष्मा मानवला का? शेजारच्या काकूंचा अबोला सुटला का?

एक गंमत सांगतो. इथल्या चर्चचे एक तरुण पाळक बी.ए.च्याही पुढचं काहीतरी शिकतात. घर सोडून कामाला आलेल्या पोरांना चर्चचा किती आधार वाटतो, यावर त्यांचा प्रबंध आहे. दर रविवारी आमच्या खोलीवर येतात, उलट्या बादलीवर बसतात आणि विचारतात, "मन कुणाजवळ मोकळं करता रे?" वर्षभर त्याच पोरांना भेटायचं असं ठरलेलं, पण बाकीची सगळी पोरं कामं बदलून पांगली. उरलो मी एकटा. पायाला भिंगरी लागलेला म्हणून तू ज्याच्याबद्दल गावभर सांगतेस, तो!

मग मलाही दुसऱ्या शहरात जास्त पगाराचं काम आलं. मी पिशवी भरली. पाळक म्हणाले, "माझ्या अभ्यासापायी अडकू नकोस. खुशाल जा, माझं मी बघेन." पण दारात चपला घालताना त्यांनी हळूच विचारलं, "पुढच्या रविवारी असशील का?"

तुझ्याशिवाय असं मला कुणी विचारलं नव्हतं, आई. मी पिशवी रिकामी केली.

त्यांना वाटतं, मी प्रबंधासाठी थांबलो. वाटू दे. रविवारी आपल्याकडे कुणी येणार म्हणून मी सकाळीच खोली झाडून ठेवतो.

बाबांना सलाम, तुला खूप माया.

तुझाच,
धाकटा