कापडी घराला छप्पर

प्रथम एक दुरुस्ती. माझ्या धाकट्या बहिणीच्या मांडणशिल्पाच्या माहितीपुस्तिकेत आमच्या मधल्या बंधूंनी लिहिले आहे की, आमचे बालपणीचे घर आगीत गेले व थोरल्या भावाने प्रदर्शनाकडे पाठ फिरवली. आग शेजारच्या लाकडाच्या वखारीला लागली होती. घर पुढे रस्ता रुंद करताना पाडले. प्रदर्शन मी पाहिले आहे. किंबहुना त्यामुळेच मी, निवृत्त मुद्रितशोधक, वय वर्षे ब्याऐंशी, पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दडपणाविना, पूर्वीचे मृत्युपत्र रद्द करून हे स्वहस्ते लिहीत आहे.

१. राहते घर व बचत पत्नीस. तिच्या पश्चात मुलास.

२. मधल्या बंधूंना माझा शब्दकोश व लाल पेन्सिल. दोन्ही वापरावीत.

३. बंद छापखान्याची शेड, उंच छतासह, बहिणीस. "बाबा, तिथे उंदरांशिवाय कोण राहतं? विकून टाकू," असे मुलगा म्हणतो. त्याच्यासाठी कारण सविस्तर देतो.

बहिणीने आमचे घर पातळ पांढऱ्या कापडात शिवून दालनाच्या छताला टांगले आहे. मी टेप घेऊन गेलो होतो. दार मोजले आणि म्हणालो, "अगं, सगळं दीडपट झालंय!"

"झालं नाही, केलंय. दादा, टेप खिशात घाल आणि आत जा."

गेलो. खिडकी हनुवटीशी आली. स्वयंपाकघरातल्या फळीची केवळ खालची बाजू दिसत होती.

"आणि फळीवरचे डबे?"

"मला कुठे दिसायचे? तूच काढून द्यायचास की!"

घर पाडले तेव्हा ती सहा वर्षांची होती, मी बारा. एकाच घरात वाढलो, पण तिचे घर मी कधी पाहिलेच नव्हते. कोणी बाजूने गेले की भिंती श्वास घेतल्यासारख्या हलत. मागच्या दाराच्या कडीकडे हात नेला, पोहोचला नाही. तेव्हा दार उघडून देईल असे कोणी मोठे माणूस आहे का, हे मी वळून पाहिले. विशेषणे तपासण्यात माझा जन्म गेला. त्या क्षणाला लावण्याजोगे एकही माझ्याजवळ नाही.

दालन लवकरच रिकामे करायचे आहे. बहिणीच्या दोन खोल्यांत हे घर मावत नाही. "ठेवू कुठे, डोक्यावर? कापून वाटून टाकते," म्हणाली आणि हसली. ते हसू मी ओळखतो. म्हणून माझ्या मृत्यूची वाट न पाहता शेडची किल्ली आजच तिला दिली आहे.

४. कलम तीनला हरकत घेण्यापूर्वी मुलाने कापडी घराच्या त्या मागच्या दारापाशी उभे राहावे. कडीला हात पोहोचल्यास हरकत जरूर घ्यावी.

साक्षीदार: शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही), कोपऱ्यावरचे घड्याळजी (सही, मजकूर न वाचता).
लिहून देणार: थोरला भाऊ (सही)
स्थळ: राहते घर. दिनांक: १४ ऑक्टोबर २०२३.

पुस्तिकेतील दिनांकांच्या दुरुस्त्या:

वखारीची आग: १९५३ नव्हे, १९५२.
बहिणीचा जन्म: १९४८ नव्हे, ३ जानेवारी १९४७. वर्ष तिनेच चोरले असल्यास आहे तसे राहू द्यावे.
घर गेले: 'आगीच्या रात्री' नव्हे; ९ फेब्रुवारी १९५३, लख्ख उन्हात.
कापडी घर उतरवणे: '३१ ऑक्टोबर २०२३, त्यानंतर ते कायमचे नाहीसे होईल.' दिनांक बरोबर. पुढील वाक्य खोडावे.